मागच्या जीपचा रेडिओ

पाठवणीची वेळ झाली होती, ताईची ओटी भरून झाली होती, आई एकदा रडून दमली होती आणि दुसऱ्यांदा रडायच्या तयारीत होती. आणि नवरदेवाचा कुठे पत्ता नव्हता.

नवरीकडच्या माणसांनी भर मंगल कार्यालयात नवरदेव शोधत फिरावं, हे दृश्य काही बरं नव्हे. मामाने जेवणाचा हॉल पाहिला, मावशीने वरपक्षाची खोली पाहिली, आणि मला ते सापडले दारात उभ्या असलेल्या सजवलेल्या गाडीत. फेटा मागच्या सीटवर, मुंडावळ्या गळ्यात, आणि आमचे जयदीपदाजी पुढच्या दोन सीटांच्या मध्ये डोकं खुपसून काहीतरी जुळवत होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "रेवती, प्लेअर आणलास?"

आणला होता. वृंदाताई, माझी सख्खी मोठी बहीण, घरात असो की बाजारात, कानात गाणी घालून फिरायची. अंगठ्याएवढा तिचा म्युझिक प्लेअर कायम गळ्यात लोंबत असे. लग्नाच्या आधी दाजींनी मला फोन करून सांगितलं होतं की लग्नाच्या दिवशी तो तिच्या पर्समधून गुपचूप काढून माझ्याकडे दे. कशासाठी, ते सांगितलं नाही. मुळात दाजी काही सांगणाऱ्यांतले नव्हतेच.

अडचण अशी होती की गाडीतला स्टिरिओ कंपनीनेच बसवलेला. त्यात रेडिओ होता, सीडी सरकवायला फट होती, पण बाहेरची वायर लावायला भोक नव्हतं. दाजींनी आधी मिरजेच्या एका दुकानातून प्लेअरला जोडायच्या वायरीची शेपटी असलेली कॅसेट आणली; आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या गाडीत कॅसेट घालायची सोयच नाही. मग एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, डॅशबोर्ड उघडून मागून वायर जोडतो, तर शोरूमवाल्याने बजावलं की स्टिरिओ बाहेर काढलात तर गॅरंटी विसरा. शेवटी त्यांचा मित्र इम्तियाज, जो आज गाडी चालवणार होता, त्याने पुण्याहून एक चिनी वस्तू आणून दिली. सिगारेट पेटवायच्या भोकात ती खोचायची, तिच्या वायरीला प्लेअर लावायचा, आणि मग ती म्हणे रेडिओ स्टेशनसारखी गाणी हवेत सोडते. गाडीचा रेडिओ तेवढा ठरलेल्या आकड्यावर लावायचा. आधी नुसती खरखर, मग दाजींनी काहीतरी दाबलं आणि ताईचं आवडतं गाणं गाडीभर घुमलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर अक्षता पडतानाही एवढा आनंद मी पाहिला नव्हता.

मी पाठराखीण म्हणून ताईबरोबर जाणार होते. नवरीला सासरी पहिल्यांदा एकटं पाठवत नाहीत, सोबत माहेरचं कुणीतरी जातं. खरं तर हा मान आजीचा, पण तिचे गुडघे बार्शी ते तासगाव प्रवासाला तयार नव्हते. आईने मला बाजूला घेतलं आणि सूचना दिली ती एकच. सासूबाईंकडे लक्ष ठेव, त्या वृंदाशी कशा वागतात ते मला येऊन खरंखरं सांग.

आईची काळजी उगाच नव्हती. शालनबाई, म्हणजे दाजींच्या आई, उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. नवरा वारल्यावर त्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज त्यांनी एकटीने चालवलं होतं, आणि माणसांकडे बघण्याची त्यांची पद्धतही माल पारखल्यासारखी होती. लग्नाला आल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. दिवसभरात ताईशी एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. सगळं काही त्यांच्या जाऊबाईंनी, विमलकाकींनी केलं. "मुलगी पसंत नाही वाटतं," असं मावशीने पंगतीत म्हणून टाकलं आणि आईच्या घशाखाली त्यानंतर घास उतरला नाही. ताईला सारा जन्म ज्या बाईंच्या घरात काढायचा, त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. मला तर त्या बाईंचा रागच आला होता.

निघालो. पुढे इम्तियाज आणि मी, मागे ताई आणि दाजी, त्यांच्या मधोमध शालू आणि उपरण्याची गाठ. आमच्या मागे जीप होती. ती दाजींचे धाकटे काका, बापूकाका, चालवत होते आणि तिच्यात शालनबाई, विमलकाकी आणि तासगावच्या बायका.

गाव संपेपर्यंत ताई रडत होती. मग स्टिरिओवर आपलीच गाणी ऐकून चमकली, माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. दाजी खिडकीबाहेर पाहत होते. तिने काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. असे हे दोघं. एकापाठोपाठ एक गाणी लागत राहिली आणि ऊन उतरायला लागलं. इम्तियाज आरशात बघून सारखा म्हणत होता की बापूकाका आज असे का चालवतायत? एरवी जीप घेऊन पुढे सुसाट जाणारा माणूस आज आमच्या डिकीला नाक लावून येत होता.

सांगोला मागे पडलं आणि गाणी संपली. आणि मग स्टिरिओतून ताईचा आवाज आला.

"चांदीच्या ताटात बेदाण्याची रास, जयदीपरावांचं नाव घेते... नाव घेते... शी! रास, घास, त्रास. जयदीपरावांचं नाव घेते, पाठांतराचा त्रास!"

मागे ताईने अक्षरशः किंकाळी दाबली. त्या प्लेअरमध्ये आवाज भरायची सोय होती. मावशीने शिकवलेले उखाणे तिच्या तोंडी बसत नव्हते, म्हणून गेले पंधरा दिवस ती गच्चीवर जाऊन आपलेच उखाणे भरून ऐकत होती. पुसून टाकले असं तिला वाटत होतं. गाणी संपल्यावर यंत्राने इमानदारीत पुढचं सुरू केलं. मी बंद करायला हात पुढे केला तर मागून दाजी म्हणाले, "राहू दे."

ताई म्हणाली, "अहो, बंद करा, प्लीज."

"एकच ऐकू," दाजी म्हणाले. ताईशी दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं असावं.

स्टिरिओतली ताई रंगात आली होती. मावशीचे उखाणे सोडून स्वतःचे करायला लागली होती.

"पोहे खाल्ले दोन बशा, प्रश्न विचारला एक, जयदीपराव म्हेत्रे, शालनबाईंचे अबोल लेक."

इम्तियाजने स्टिअरिंगवर हात आपटला आणि हसता हसता गाडी डुलवली. मलाही आवरेना. कारण हे शंभर टक्के खरं होतं. पाहायच्या कार्यक्रमात मुलाला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा, तर या गृहस्थाने विचारलं होतं, "तुम्हाला गाडी लागते का?" त्यावरून आम्ही बहिणी कितीतरी दिवस हसलो होतो, आणि हसून झाल्यावर ताई गप्प बसायची. ज्याला आपल्याबद्दल एवढंच जाणून घ्यावंसं वाटलं, त्याच्याशी जन्मभर बोलायचं काय, ही तिची भीती मला माहीत होती.

दाजींचे कान लाल झाले होते. ते समोर बघत म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, लागते. पण कानात गाणी असली की लागत नाही. आज नवरी कानात वायरी घालून बसली असती तर घरी आक्काआत्या बोलल्या असत्या. म्हणून मग गाडीलाच..."

वाक्य अर्धंच राहिलं. ताईने डोक्यावरचा पदर जरा मागे सरकवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसात तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. मी शहाण्यासारखं रस्त्याकडे तोंड केलं.

तेवढ्यात पुढचा उखाणा आला. "सासूबाईंची नजर म्हणजे अडकित्त्याची धार, जयदीपरावांच्या घरात मी सुपारी होणार!"

आता मात्र ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण दाजी हसले. अगदी मोठ्याने, पोटातून. म्हणाले, कोल्ड स्टोरेजवरचे हमालसुद्धा आईला अडकित्ताच म्हणतात, फक्त आईला ते माहीत नाही. गाडीत एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. मला वाटलं, झालं, आता काळजी नाही.

त्यानंतर जे लागलं तो उखाणा नव्हता. ताईचा आवाज बारीक झाला होता, गच्चीवर एकटं बसून माणूस स्वतःशी बोलतं तसा.

"साखरपुड्याची साडी सासूबाईंनीच निवडलेली. विमलकाकींनी सांगितलं मला, सांगलीची दुकानं पालथी घातली म्हणे. द्यायची वेळ आली तेव्हा साडी घेऊन पुढे आल्याच होत्या, तर त्या आक्का नुसत्या खाकरल्या. सासूबाई तशाच मागे सरल्या. साडी काकींनी दिली. मला त्यांच्याच हातून हवी होती. आता लग्नात मला सगळे म्हणणार, नाव घे, नाव घे. त्यांना कुणी म्हणत नसेल. माणूस गेलं म्हणून त्याचं नाव घ्यायचंही बंद?"

पुढे गच्चीवरच्या वाऱ्याचा आवाज आणि संपलं. साखरपुड्याला मीही तिथेच होते. आक्का, म्हणजे दाजींच्या थोरल्या आत्या, खाकरल्या ते मीही ऐकलं होतं. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या शालनबाईंना मी दिवसभर आखडू म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्या शुभकार्यात आपली सावली नको म्हणून लांब बसल्या होत्या. दाजींनी खिशातला रुमाल काढला आणि चेहरा पुसला.

थोड्याच वेळात एका चहाच्या टपरीवर गाडी थांबली. मागोमाग जीपही. बापूकाका उतरले ते तोंडभर हसत.

"आज रेडिओ लई झ्याक लागला बगा," ते म्हणाले. "बार्शी सुटल्यापासनं नुसती खरखर. बटण दाबलं तर आपोआप एका ठेसनावर जाऊन थांबला. आधी गाणी, मग आमच्या सूनबाई! आवाज जाऊ नये म्हणून जीप पार चिकटवून आणली."

त्या चिनी वस्तूने आपलं काम जरा जास्तच मन लावून केलं होतं. हवेत सोडलेली गाणी हवेतून मागच्या जीपनेही पकडली होती. इम्तियाज कपाळाला हात लावून खाली बसला. जीपमधून उतरलेल्या बायका ताईकडे बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. शालनबाई उतरल्या नाहीत. खिडकीशी ताठ बसून राहिल्या.

"कुठवर ऐकलंत?" दाजींनी विचारलं.

"सुपारीपर्यंत. पुढं वहिनींनी बंद करायला लावलं. म्हणाल्या, बापू, दुसऱ्याच्या घरचं चोरून ऐकू नये."

ताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. म्हणजे थट्टा तेवढी त्यांच्या कानी गेली होती आणि माया ऐकायची राहिली होती. आणि वर 'दुसऱ्याच्या घरचं'. अजून उंबरा ओलांडला नव्हता तर ही गत. आईला जाऊन काय सांगणार होते मी? ताईने चहाचा कप तसाच बाकावर ठेवून दिला.

दाजी तिच्याजवळ आले. "शेवटचं आईला ऐकवू का?"

ताईने जरा विचार केला. मग म्हणाली, "शेवटचं एकटं नको. सुपारीपासून सगळं ऐकवा. चांगलं तेवढं वेचून ऐकवलं तर ती लबाडी होईल. जे बोलले ते मीच बोलले ना?"

दाजींनी खांद्यावरचं उपरणं उतरवलं, गाठीसकट तिच्या हातात दिलं आणि प्लेअर व तिचे इअरफोन घेऊन जीपकडे गेले. इअरफोन कानात कसे घालायचे हे शालनबाईंना माहीत नव्हतं. दाजींनी ते आईच्या कानांत बसवले आणि त्यांनी वरून पदर ओढून घेतला. आम्ही टपरीवरून बघत होतो. मध्येच एकदा त्यांचे ओठ आत दुमडल्यासारखे झाले. ते हसू होतं की राग, इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. मग त्या समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. ऐकणं संपून गेलं असावं, तरी इअरफोन काढेनात. शेवटी काढले, वायर नीट गुंडाळली, लेकाच्या हातात दिली आणि काहीतरी बोलल्या.

दाजी परत आल्यावर ताईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"चहा गार झाला, दुसरा सांग म्हणाली."

"आणखी?"

"आलं घालायला सांग."

यावरून कुणाला काय कळणार? पुढचा सगळा प्रवास गाडीत गाणी नव्हती. जीप आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेली. ताई खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिला गाडी लागली नाही, एवढंच काय ते बरं झालं. दाजींनी गाठीवर हात ठेवला होता आणि थोड्या वेळाने तिनेही आपला हात तिथेच ठेवला. पण काळजी दोघांच्याही तोंडावर दिसत होती.

तासगावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात रांगोळी, उंबऱ्यावर तांदळाचं माप, आणि औक्षणाचं ताट घेऊन विमलकाकी उभ्या. गल्लीतल्या बायकांनी अंगण भरून गेलं होतं. दाराशेजारी खुर्चीवर आक्का बसल्या होत्या. पांढऱ्या पातळातल्या, काठीवर दोन्ही हात ठेवलेल्या. त्याही ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, आणि जो नियम स्वतः पाळला तो घरातल्या सगळ्यांकडून पाळून घेत आलेल्या. शालनबाई कुठे दिसत नव्हत्या. मागच्या दाराने आत गेल्या असणार.

"नाव घेतल्याशिवाय आत सोडायची न्हाई," बायका ओरडल्या. जीपमधल्या एकीने गर्दीत सुपारीचा उल्लेख केला आणि हशा पिकला. ताईने तोंड उघडलं, पण तिला काही म्हणता काही आठवेना. पंधरा दिवसांची मेहनत त्या उंबऱ्यावर साफ पुसून गेली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"थांबा. आधी मी घेते."

आतून आवाज आला होता. शालनबाई ओले हात पदराला पुसत माजघरातून बाहेर आल्या आणि थेट उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. हसणं थांबलं. खुर्चीतून आक्का खाकरल्या. तो आवाज मी आता बरोबर ओळखला, ताईनेही ओळखला. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. शालनबाईंनी आक्कांकडे एकदा पाहिलं. पण मागे सरल्या नाहीत. मग सुनेकडे बघत, अगदी हळू, जुनं कुलूप उघडताना किल्ली जपून फिरवावी तशा बोलल्या:

"किती वर्षं नाव राहिलं ओठांआड दडून,
रघुनाथरावांच्या सुनेला दार देते उघडून."

विमलकाकींचे डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी काही न बोलता हातातलं ताट जाऊबाईंच्या हातात दिलं आणि आपण बाजूला झाल्या. शालनबाईंनी निरांजन ओवाळलं. कुंकू ताईच्या कपाळावर अगदी मध्यावर लागलं. ताई रडत होती आणि ते पाठवणीचं रडणं नव्हतं.

सगळ्यांचं लक्ष आता आक्कांकडे होतं. गेलेला माणूस शालनबाईंचा नवरा होता, तसा आक्कांचा पाठचा भाऊ होता. त्या काठीवर भार देऊन सावकाश उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि हनुवटी वर करून म्हणाल्या, "शालन, परत घे. रघूचं नाव मला नीट ऐकू नाही आलं."

आक्कांना माजघरात पडलेली सुई अंगणात ऐकू यायची, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. शालनबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा नाव घेतलं, या वेळी पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.